बँक खाती आणि मानव विकास: आलेखात न बसणाऱ्या तीन ठिपक्यांचं काय करू?

रेघोटी

नमस्कार. अर्थशास्त्र एम.ए.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प करते आहे आणि एका ठिकाणी अडकले आहे. जाणकारांनी थोडा वेळ काढावा ही विनंती.

विषय असा आहे: ज्या देशांत जास्त लोकांपर्यंत बँकेच्या सेवा पोचल्या आहेत, तिथे मानव विकासही जास्त असतो का? जागतिक बँकेच्या ग्लोबल फिनडेक्स पाहणीतून २०१७ चे आकडे घेतले. १५ वर्षं आणि त्यावरच्या किती टक्के लोकांकडे खातं आहे, तो आकडा. त्याच वर्षाचा मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून ० ते १ मध्ये मोजलेला) घेतला. खाती आडव्या अक्षावर, निर्देशांक उभ्या अक्षावर, प्रत्येक देशाचा एक ठिपका. चित्र अपेक्षेप्रमाणेच आलं. ठिपक्यांचा पट्टा डावीकडून उजवीकडे छान वर चढतो. खूश होऊन मी निष्कर्षाचं पहिलं वाक्यसुद्धा लिहून टाकलं होतं.

मग ठिपक्यांना देशांची नावं लावली आणि गडबड झाली. केनियात ८२ टक्के प्रौढांकडे खातं, पण निर्देशांक ०.५९. व्हिएतनाममध्ये फक्त ३१ टक्के, इजिप्तमध्ये ३३ टक्के, आणि दोघांचाही निर्देशांक ०.६९ च्या पुढे. म्हणजे ज्या देशात दहातल्या आठ जणांकडे खातं आहे तिथे मानव विकास कमी, आणि दहातल्या सातांकडे खातं नाही तिथे तो जास्त, असं का?

सर म्हणतात, हे अपवाद आहेत, तळटीप द्या आणि पुढे जा. मला ते पटत नाहीये. पण तळटीप द्यायची नाही तर काय लिहायचं, हेही कळत नाहीये. खात्यांमुळे मानव विकास होतो, की मानव विकास झाल्यावर लोक खाती काढतात, की दोन्हींच्या मागे तिसरंच काही आहे? कुठून सुरुवात करू?

चौकट

अपवाद काढू नका, एवढं आधी सांगतो. नको असलेले ठिपके पुसून टाकले तर कुठलाही आलेख सरळ करता येतो.

या विषयावर आधी झालेलं काम वाचलंत का? मंदिरा सरमा आणि जेसिम पैस यांचा २०११ चा लेख तुमच्याच प्रश्नावर आहे. सरमांनी नुसती खाती मोजली नाहीत. लोकांपर्यंत पोच, सेवांची उपलब्धता आणि प्रत्यक्ष वापर असे तीन भाग धरून वित्तीय समावेशनाचा, म्हणजे बँकेसारख्या सेवांत किती लोक सामावले गेले याचा, निर्देशांक बांधला. तो आणि मानव विकास निर्देशांक बहुतेक देशांत बरोबरीने चालतात, असं त्यांना दिसलं. पण त्यांनी उत्पन्न, विषमता, साक्षरता, शहरीकरण, रस्ते, फोन हेही तपासलं आणि त्यांचाही समावेशनाशी संबंध निघाला. म्हणजे तुमचं ‘तिसरंच काही’ तिथे आहे.

कार्यकारण हवं असेल तर भारताचा जुना प्रयोग बघा. १९७७ ते १९९० या काळात नियम होता की, जिथे आधीच बँक आहे तिथे एक नवी शाखा काढायची असेल तर जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा काढायला हव्यात. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ साली याच नियमाचा आधार घेऊन दाखवलं की शाखा पोचल्या तिथे ग्रामीण गरिबी घटली. त्यावर पुढे बरेच वाद झाले, तेही वाचा. माझं मत विचाराल तर, शाखा येते तेव्हा नुसतं खातं येत नाही. कर्ज येतं, नोकरी करणारी माणसं येतात, रस्त्याची मागणी जोर धरते. त्यातला नेमका कशाचा परिणाम, ते वेगळं काढणं फार अवघड.

प्रश्नावली

रेघोटी, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे. (‘तू’ म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील.)

मी अकरा वर्षं घरोघरी हिंडून सर्वेक्षणं केली आणि नंतरची पाच वर्षं दुसऱ्यांनी भरून आणलेल्या प्रश्नावल्या तपासल्या. त्यामुळे मला आलेखात ठिपका दिसला की आधी त्याच्या मागचा प्रश्न आठवतो, आणि प्रश्नाच्या मागे उंबऱ्यात बसून उत्तर देणारी बाई.

प्रश्न साधारण असा असतो: तुमच्याकडे, एकटीच्या नावावर किंवा आणखी कोणासोबत मिळून, बँकेत किंवा तशा संस्थेत खातं आहे का? उत्तर हो किंवा नाही. एका सकाळी तीन घरं झाली, ती मी अजून विसरले नाही. पहिल्या घरातल्या बाईंनी उत्तर देण्याआधी आत पाहिलं. मुलगा कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन आला. पहिल्या पानावर फोटो, शिक्का. दुसऱ्या पानावर एका सरकारी योजनेची रक्कम जमा, तिसऱ्या दिवशी सगळी काढलेली. पुढची पानं कोरी. काढायला कोण गेलं होतं, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘हेच गेले होते.’ मी ‘हो’वर खूण केली. दुसऱ्या घरातली बाई दर आठवड्याला थोडे पैसे भरणारी, पासबुक भरून दुसरं घेतलेली. तिथेही ‘हो’. तिसऱ्या घरात खातं नव्हतं. पण त्या बाई बारा जणींच्या भिशीत होत्या. नवरा दवाखान्यात पडला तेव्हा बाकीच्या अकरा जणींनी भिशीचा नंबर त्यांना आधी दिला, आणि मुलीची शाळा सुटली नाही. तिथे मी ‘नाही’वर खूण केली.

आता सांग, त्या तीन घरांत आर्थिक सेवा कोणाच्या उपयोगी पडली? माझ्या कागदावर पहिली आणि दुसरी सारख्या आणि तिसरी वंचित. तू ज्या टक्केवारीवर काम करते आहेस, ती अशाच खुणांची बेरीज आहे. मी पाहणीला नावं ठेवत नाही. एका देशात साधारण हजार माणसांशी बोलायचं आणि शंभरावर देशांत एकच प्रश्न विचारायचा, तर तो साधाच असावा लागतो. पण तो काय मोजतो ते ध्यानात ठेवून वापरायचा.

म्हणून तुझ्याच २०१७ च्या आकड्यांतली एक गोष्ट बघ. भारताचा आकडा ८० टक्के आहे. २०११ साली तो ३५ होता. मध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली आणि २०११ ते २०१७ या सहा वर्षांत आकडा दुपटीच्या वर गेला. एवढा वेग जगात फार थोड्या देशांनी दाखवला आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्याच पाहणीत पुढचा प्रश्न आहे: गेल्या वर्षभरात खात्यात पैसे भरले किंवा काढले का? तिथे भारतातल्या ४८ टक्के खातेदारांचं उत्तर ‘नाही’ आलं. ८० चा ठिपका त्या प्रश्नानंतर ४२ च्या आसपास येऊन बसतो. विकसनशील देशांची सरासरी पाहिली तर अशी पडून असलेली खाती चारातलं एक होती. प्रत्येक देशाला हीच कात्री लावून पुन्हा ठिपके टाक.

दुसरं, तुझ्या उभ्या अक्षाबद्दल. मानव विकास निर्देशांक १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आला, अमर्त्य सेन त्यांच्या सोबत होते. देशाची किंमत फक्त उत्पन्नावर करू नये, हा त्यामागचा विचार. त्यात चार आकडे आहेत: जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान, २५ वर्षांवरच्या माणसांनी सरासरी किती वर्षं शाळा केली, आज शाळेत जाणारं मूल किती वर्षं शिकेल अशी अपेक्षा आहे, आणि दरडोई उत्पन्न. यातला दुसरा नीट बघ. २५ वर्षांवरच्यांचं शिक्षण. आज एखाद्या आईच्या खात्यातल्या पैशांमुळे दहा वर्षांची मुलगी शाळेत टिकली, तर ती या आकड्यात यायला पंधरा वर्षं लागतील. खाती सहा वर्षांत दुप्पट होतात, हा आकडा मुंगीच्या पावलांनी चालतो. मग दोन्हींची एकाच वर्षाची छबी शेजारी ठेवून कुणामुळे कोण वाढलं, हे कसं कळणार?

आणि चौथा आकडा उत्पन्न. श्रीमंत देशात खाती जास्त असतात, कारण पगार खात्यात येतो. तेच उत्पन्न तुझ्या उभ्या अक्षातही आहे. म्हणजे पट्टा वर चढताना दिसतो त्यातला काही भाग उत्पन्नाने स्वतःलाच दिलेला टेकू आहे. निर्देशांक तसाच न घेता आयुर्मान आणि शालेय वर्षं वेगवेगळी घे.

आता तुझे तीन ठिपके. मला ते तिन्ही फार मोलाचे वाटतात.

व्हिएतनाममध्ये लोक पैसा घरात ठेवत, सोन्यात ठेवत, आणि बँकेपासून लांब राहत. पण सरकारी शाळा आणि आरोग्यकेंद्रं लांबच्या खेड्यापर्यंत पोचली होती. लस खात्याशिवाय मिळत होती, प्राथमिक शाळेत नाव घालायला पासबुक लागत नव्हतं. त्यामुळे आयुर्मान वर गेलं आणि मुलं शिकली. इजिप्तचंही थोड्याफार फरकाने तेच, व्यवहार रोखीत होते तरी शाळा आणि दवाखाने होते.

केनियाची गोष्ट उलट्या बाजूने आहे. १९९० च्या दशकात एड्सने तिथलं आयुर्मान खाली ओढलं. त्यातून तो देश सावरत असताना मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं. फोनवरून पैसे पाठवायचे, कोपऱ्यावरच्या एजंटाकडून रोख घ्यायची, बँकेची पायरी चढायचीच नाही. फिनडेक्सने २०१४ पासून मोबाइलवरची खातीही मोजायला घेतली. म्हणून केनियाचा ठिपका इतका उजवीकडे आहे. आयुर्मान मात्र वर यायला वेळ घेणारच, कारण ते औषधांवर, पाण्यावर, बाळंतपणावर चालतं. आडवा अक्ष दहा वर्षांत पळाला, उभा अक्ष आपल्या चालीने येतो आहे.

मग खातं बिनकामाचं का? अजिबात नाही. ते कुठे कामाला येतं, ते केनियानेच सगळ्यात नीट दाखवलं. विल्यम जॅक आणि तवनीत सुरी यांनी काही वर्षं त्याच घरांचा पाठपुरावा केला. आजारपण आलं, पीक बुडालं, काम सुटलं की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च साधारण ७ टक्क्यांनी घटत होता. ज्यांच्याकडे ते होतं त्यांचा घटत नव्हता. कारण साधं होतं. अडचणीच्या वेळी लांबच्या माणसांकडून पैसे येत होते, जास्त जणांकडून येत होते, आणि बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट न देता येत होते. ७ टक्के कमी वाटेल. पण गरीब घरात हे ७ टक्के कुठून कापले जातात ते मी बघितलं आहे. आधी बाईचं ताट, मग औषध, मग शाळेची फी. २०१६ मध्ये याच दोघांनी हिशेब मांडला की एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे तिथली २ टक्के घरं, दारिद्र्यातून वर आली. परिणाम बाई कर्ती असलेल्या घरांत जास्त दिसला.

माझं म्हणणं एवढंच आहे: सुगीच्या महिन्यात खातं आहे की नाही, याने फार फरक पडत नाही. वाईट महिन्यात घर मुलाच्या शाळेला आणि म्हाताऱ्याच्या औषधाला हात न लावता निभावून नेऊ शकतं का, ते बघायचं. मानव विकासाशी आर्थिक सेवांचा धागा जुळतो तो तिथे. आणि खात्यांच्या टक्केवारीत हा महिना दिसतच नाही.

रेघोटी

ताई, काय लिहिलंत! दोनदा वाचलं. ती कात्री काल रात्री लावून पाहिली. पट्टा बराच विस्कटला, पण पुसला गेला नाही.

एक शंका आहे. तुमची तिसऱ्या घरातली बाई भिशीवर निभावली. मग खातं हवंच कशाला? लोकांकडे आपापल्या पद्धती आहेतच की.

प्रश्नावली

चांगलं विचारलंस. याचं उत्तर एका पत्र्याच्या पेटीत आहे.

पास्कलीन द्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियातल्या भिशीसारख्या बचत गटांतल्या लोकांना वेगवेगळ्या सोयी देऊन पाहिल्या. एका तुकडीला फक्त कुलूप असलेली पत्र्याची पेटी दिली. वर पैसे टाकायला फट, किल्ली स्वतःकडेच, आणि कशासाठी साठवताय ते ठरवा, मच्छरदाणी की आणखी काही. म्हणजे बँक नाही, व्याज नाही, काही नाही. किल्ली खिशात असल्यामुळे पैसे कधीही काढता येत होते. तरी आरोग्यासाठीची बचत ६६ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या तुकडीला तशीच पेटी दिली, पण किल्ली कार्यक्रमाच्या माणसाकडे. तिचा उपयोग कमी झाला, कारण मध्येच मूल आजारी पडलं तर पैसे अडकायचे. आणि सगळ्यांत जास्त परिणाम कशाचा झाला? भिशीतच आरोग्यासाठी वेगळी वर्गणी जमवली, त्याचा.

तेव्हा भिशीला कमी लेखू नकोस. पण तिची एक मर्यादा मी डोळ्यांनी पाहिली आहे. भिशीतल्या बारा जणी एकाच वस्तीतल्या, एकाच कामावर जाणाऱ्या. एकीच्या घरी आजारपण आलं तर अकरा जणी सावरतात. पूर आला, साथ आली, कामच बंद पडलं, तर बाराही जणी एकदम बुडतात. तेव्हा लांबून पैसा यायला हवा, आणि तो यायला खातं लागतं. केनियातले पैसे लांबच्या नातेवाइकांकडून येत होते ते त्यामुळेच.

दुसरं कारण बायकांना विचार, लगेच सांगतील. घरातल्या डब्यात ठेवलेला पैसा मागणाऱ्याला दिसतो. ‘नाही’ म्हणता येत नाही. लांब ठेवलेल्या पैशाला ‘आत्ता नाहीत हो जवळ’ असं खरं खरं सांगता येतं.

हप्ता

चर्चा बचतीची आणि पैसे पाठवण्याची चालली आहे. कर्जाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मध्ये येतो. मी चार वर्षं एका छोट्या कर्जसंस्थेत वसुलीला होतो. नाव घेत नाही. आमच्या कार्यालयात भिंतीवर तक्ता होता: किती नवे ग्राहक जोडले. त्याला आम्ही ‘समावेशन’च म्हणायचो. एका बाईंकडे गेलो तर त्यांच्या हातात चार संस्थांची चार हप्तापुस्तकं. आमचा हप्ता त्यांनी दुसऱ्या संस्थेच्या पैशातून भरला. त्या दिवशी माझ्या तक्त्यावर त्या ‘नियमित’ होत्या. त्यांचा मोठा मुलगा शाळा सोडून कामाला लागला होता. तो माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडू नका. २०१५ मध्ये सहा देशांतले सूक्ष्मकर्जाचे प्रयोग एकत्र प्रसिद्ध झाले: बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को. सगळ्यांचा सूर सारखाच. थोडा फायदा होतो, काहींचा धंदा वाढतो, पण आयुष्य पालटतं असं दिसत नाही. बोस्नियात तर कर्ज मिळालेल्या घरांतली १६ ते १९ वयाची मुलं घरच्या धंद्यात जास्त राबू लागली आणि शाळेतली हजेरी घटली. कर्जाने धंदा उभा राहिला, त्याला हात कमी पडले, ते हात मुलांचे होते. उत्पन्नाचा आकडा वर आणि शाळेचा खाली. सांगा, यात मानव विकास मोजायचा कसा?

आणि खातं सुरक्षित असतं हेही गृहीत धरू नका. लेबनॉनमध्ये २०१९ च्या शेवटी बँकांनी लोकांना स्वतःचे पैसे काढण्यावर कडक मर्यादा घातल्या. आयुष्यभर प्रामाणिकपणे बचत केलेली माणसं खिडकीसमोर उभी. अर्जेंटिनात २००१ च्या डिसेंबरात हेच झालं होतं. टक्केवारीत ती सगळी ‘खातेदार’च.

चौकट

हप्ता यांचं म्हणणं महत्त्वाचं आहे. वित्तीय समावेशन या एका शब्दात आपण बचत, कर्ज, विमा आणि पैसे पाठवणं असं सगळं कोंबतो. एकाचा परिणाम दुसऱ्याच्या नावावर खपवला जातो.

त्यात आणखी एक भर. नुसती बचत खाती देऊनही दरवेळी काही घडतंच असं नाही. युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत लोकांना विनाखर्च खाती उघडून दिली. २०१८ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत पाच किंवा जास्त वेळा पैसे भरणारे युगांडात १७ टक्के, मलावीत १० टक्के, चिलीत ३ टक्के. एकूण राहणीमानावर परिणाम काही सापडला नाही. याउलट नेपाळमध्ये पोखऱ्याच्या वस्त्यांत बायकांना असंच बिनखर्चाचं खातं दिलं तर ८४ टक्क्यांनी उघडलं, बहुतेकींनी वापरलं आणि शिक्षणावरचा खर्च वाढला. तिथे बँकेचं छोटं कार्यालय वस्तीतच होतं, आठवड्यातून दोनदा काही तास उघडायचं. मला वाटतं फरक तिथे पडला.

रेघोटी

आता खरंच गोंधळले आहे, पण चांगल्या अर्थाने. सरांना सोमवारी भेटायचं आहे. आडव्या अक्षावर खात्यांच्या टक्क्यांऐवजी काय घेऊ? ताईंनी म्हटलेला ‘वाईट महिना’ मोजणारा आकडा कुठे मिळतो का?

प्रश्नावली

मिळतो, आणि तुझ्याच फिनडेक्समध्ये मिळतो. त्यात एक प्रश्न आहे जो मला सगळ्या पाहणीत जास्त आवडतो. अचानक गरज पडली आणि देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या विसाव्या भागाइतकी रक्कम ३० दिवसांत उभी करायची असेल, तर जमेल का? कुठून आणाल: बचतीतून, नातेवाइकांकडून, कामातून, कर्ज काढून? आणि किती अवघड जाईल? रक्कम दरडोई उत्पन्नाच्या हिशेबात असल्यामुळे गरीब आणि श्रीमंत देशांत तुलना करता येते. २०२१ च्या फेरीत विकसनशील देशांतल्या ५५ टक्के प्रौढांनी सांगितलं की फार त्रास न होता जमेल. म्हणजे उरलेल्या ४५ टक्क्यांचं एका आजारपणात काय होत असेल, ते तूच बघ. मागच्या फेऱ्यांत प्रश्नाचे शब्द आणि मुदत नेमकी काय होती ते मात्र तपासून घे, सरसकट जोडू नकोस.

हप्ता, तुमच्या त्या बाईंसाठी ‘कुठून आणाल’ हाच रकाना कामाचा आहे. बचतीतून आणणारा आणि सावकाराकडून आणणारा, दोघंही ‘जमेल’ म्हणतात. रेघोटी, त्यांना एका रंगात रंगवू नकोस.

उभ्या अक्षावर पूर्ण निर्देशांक नको. आयुर्मानाचा एक आलेख कर, आणि आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या अपेक्षित वर्षांचा दुसरा. २५ वर्षांवरच्यांच्या सरासरीपेक्षा हा आकडा लवकर हलतो. खाती आधीच्या फेरीतली घे आणि शाळा पाच-सात वर्षं नंतरची. फक्त २०११ च्या फेरीत मोबाइलवरची खाती मोजलेली नाहीत, तेवढं आफ्रिकेतल्या देशांबाबत सांभाळ. एवढं केलंस तरी कार्यकारण सिद्ध होणार नाही, आणि तसं स्पष्ट लिही. सरांना प्रामाणिकपणा आवडेल.

शिवाय बायकांची खाती वेगळी काढ. विकसनशील देशांत पुरुष आणि बायकांमधलं अंतर २०१७ मध्ये ९ टक्क्यांचं होतं, २०२१ मध्ये ६ वर आलं. पण खातं नावावर असणं आणि पैसा तिच्या हातात येणं वेगळं. मध्य प्रदेशातल्या एका प्रयोगात रोजगार हमीची मजुरी घरच्या पुरुषाच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं ते शिकवलं. २०२१ मध्ये त्याचा निकाल छापून आला. त्या बायका जास्त काम करू लागल्या, स्वतःच्या हिमतीवर. पासबुक तेच, पण काढायला ‘हे’ गेले नाहीत.

आणि तुझ्या सरांसाठी एक गोष्ट. तळटीपेला माझी हरकत नाही, पण ती आलेखाखाली देऊ नकोस. केनिया, व्हिएतनाम आणि इजिप्त यांना एकेक पान दे. आयुर्मान कधी घसरलं, कधी चढलं, शाळा केव्हा पोचल्या, फोनवरचे पैसे केव्हा आले, हे सगळं सालवार एकाखाली एक लाव. पट्ट्यातल्या शंभर ठिपक्यांनी तुला जे सांगितलं नाही, ते ही तीन पानं सांगतील.

अडचणीच्या पैशांचा आलेख झाला की इथे टाक. मला इजिप्तचा ठिपका कुठे पडतो ते बघायचं आहे.